प्रतिपिंडस्रावी पेशींची मोजणी

प्रतिपिंडस्रावी पेशींची मोजणी म्हणजे प्रतिपिंडे तयार करून ती प्रत्यक्ष बाहेर सोडणाऱ्या पेशी ओळखण्याच्या आणि त्यांची संख्या ठरविण्याच्या प्रयोगशालेय पद्धतींचा समूह होय. रोगप्रतिकारशास्त्र, लसविज्ञान आणि विषशास्त्र या शाखांमध्ये या पद्धती वापरल्या जातात. त्यांपैकी १९६३ साली प्रसिद्ध झालेली रक्तविलयन-चकती पद्धत आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेली एलिस्पॉट पद्धत या दोन विशेष महत्त्वाच्या मानल्या जातात. दोन्हींमागील कल्पना एकच आहे. पेशी कशी दिसते यापेक्षा ती काय करते हे पाहावे, आणि तिच्या कार्याची खूण तिच्याभोवतीच उमटेल अशी व्यवस्था करावी. मग त्या खुणा मोजल्या की पेशींची मोजणी आपोआप होते.

पार्श्वभूमी

शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला, म्हणजेच प्रतिजनाला, नेमकेपणाने चिकटणाऱ्या प्रथिनांना प्रतिपिंडे किंवा इम्युनोग्लोब्युलिने म्हणतात. बी लसीकापेशींच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडाचे रेणू ग्राहक म्हणून बसविलेले असतात. आपल्या ग्राहकाशी जुळणारा प्रतिजन भेटला आणि इतर पेशींचे आवश्यक साहाय्य मिळाले, की ती बी पेशी वारंवार विभाजित होते. तिच्या संततीपैकी काही पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात, तर काहींचे रूपांतर प्लाझ्मा पेशींत होते. प्लाझ्मा पेशी हा प्रतिपिंडांचा कारखानाच असतो. अशी एक पेशी दर सेकंदाला प्रतिपिंडाचे हजारो रेणू बाहेर टाकू शकते.

रक्तरसातील प्रतिपिंडांचे प्रमाण मोजणे तुलनेने सोपे असते. असे असताना पेशींचीच मोजणी करण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. विहिरीतील पाण्याची पातळी पाहून तिला किती झरे आहेत आणि त्यांपैकी किती अजून वाहते आहेत हे कळत नाही. रक्तरसाचेही तसेच आहे. मानवी रक्तातील आयजीजी वर्गाच्या प्रतिपिंडांचे अर्धायुष्य सुमारे २१ दिवस असते. म्हणून आज रक्तात आढळणारे प्रतिपिंड आज तयार झालेले असेल किंवा काही आठवड्यांपूर्वीचे शिल्लक राहिलेले असेल. आईकडून गर्भाला मिळालेली किंवा औषध म्हणून टोचलेली प्रतिपिंडेही रक्तरसाच्या चाचणीत दिसतात. ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या पेशींनी बनविलेली नसतात. पेशींची मोजणी केल्यास मात्र निर्मिती आता चालू आहे काय, किती पेशी त्यात गुंतल्या आहेत, त्या कोणत्या अवयवात आहेत आणि कोणत्या वर्गाचे प्रतिपिंड बनवीत आहेत, या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

प्रारंभीचे प्रयत्न

प्रतिपिंडे नेमकी कोणत्या पेशी बनवितात याविषयी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकमत नव्हते. स्वीडिश संशोधिका आस्त्रिद फाग्रेउस यांनी १९४८ साली आपल्या प्रबंधात प्रतिपिंडनिर्मितीचा संबंध प्लाझ्मा पेशींशी असल्याचे दाखवून दिले. अमेरिकेत आल्बर्ट कून्स यांनी १९४० च्या दशकात प्रतिपिंडाला प्रतिदीप्त रंगद्रव्य जोडण्याचे तंत्र विकसित केले. १९५५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊतकाच्या पातळ छेदावर प्रथम प्रतिजन आणि नंतर त्या प्रतिजनाला चिकटणारे प्रतिदीप्त प्रतिपिंड टाकून, विशिष्ट प्रतिपिंड बाळगणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दाखविल्या. पेशीत प्रतिपिंड आहे हे या तंत्राने सिद्ध होत असे. ती पेशी ते बाहेर सोडते की नाही, हे मात्र त्यावरून थेट कळत नव्हते.

मेलबर्न येथे गुस्ताव नॉसल आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी दुसरा मार्ग अवलंबिला. त्यांनी उंदरांना साल्मोनेला जिवाणूंच्या दोन प्रकारांविरुद्ध प्रतिकारक्षम केले, त्यांच्या पेशी सुट्या करून एकेक पेशी सूक्ष्म थेंबात ठेवली आणि त्या थेंबात पोहणारे जिवाणू सोडले. पेशीने प्रतिपिंड सोडले असेल तर जिवाणूंची हालचाल थांबत असे. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना थांबविणारी एकही पेशी आढळली नाही. एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनविते, या विचाराला त्यामुळे मोठा आधार मिळाला. तथापि एकेक पेशी वेगळी करून तपासण्याचे हे काम अतिशय कष्टाचे होते. लाखो पेशींत विखुरलेल्या थोड्या प्रतिपिंडस्रावी पेशी मोजण्यासाठी ते उपयोगी नव्हते.

रक्तविलयन-चकती पद्धत

ही अडचण डॅनिश शास्त्रज्ञ नील्स येर्ने आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट नॉर्डिन यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात दूर केली. जिवाणूंच्या दाट थरावर जिवाणुभक्षी विषाणू टाकले असता प्रत्येक विषाणूभोवती मेलेल्या जिवाणूंची एक स्वच्छ चकती दिसते, आणि चकत्या मोजून विषाणूंची संख्या ठरविता येते. जिवाणूंऐवजी तांबड्या रक्तपेशी आणि विषाणूऐवजी प्रतिपिंडस्रावी पेशी घेतली, तर येर्ने व नॉर्डिन यांची पद्धत तयार होते. त्यांचे संशोधन १९६३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पद्धतीचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचतात. उंदराच्या दृष्टीने त्या परक्या असल्याने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात.

२. साधारणपणे चार-पाच दिवसांनी उंदराची प्लीहा काढून तिच्यातील पेशी सुट्या केल्या जातात.

३. या पेशी आणि मेंढीच्या भरपूर तांबड्या रक्तपेशी कोमट, पातळ अगारमध्ये मिसळून ते मिश्रण पेट्री बशीत ओततात. अगार गोठल्यावर प्रत्येक पेशी आपापल्या जागी अडकून राहते.

४. बशी ३७ अंश सेल्सियस तापमानाला ठेवतात. या अवधीत प्रतिपिंडस्रावी पेशीने सोडलेले रेणू अगारमधून सभोवार पसरतात आणि शेजारच्या तांबड्या पेशींना चिकटतात. या टप्प्यावर डोळ्यांना काहीही दिसत नाही.

५. नंतर बशीवर गिनीपिगचा ताजा रक्तरस ओततात. त्यात पूरक प्रथिने असतात. प्रतिपिंड चिकटलेल्या तांबड्या पेशींच्या पटलाला ही प्रथिने छिद्रे पाडतात. त्यामुळे त्या पेशी फुटतात आणि त्यांतील हीमोग्लोबिन बाहेर पडते.

अखेरीस लालसर पार्श्वभूमीवर स्वच्छ, गोल चकत्या दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास चकतीच्या मध्यभागी एक पांढरी पेशी आढळते. तीच प्रतिपिंडस्रावी पेशी होय. एक चकती म्हणजे एक पेशी, इतका या मोजणीचा नियम सरळ आहे.

प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष चकत्या

वरील रीतीने दिसणाऱ्या चकत्या मुख्यतः आयजीएम वर्गाच्या प्रतिपिंडामुळे पडतात. पृष्ठभागाला चिकटलेला आयजीएमचा एकच रेणू पूरक प्रथिनांची साखळी सुरू करू शकतो. आयजीजीचे मात्र किमान दोन रेणू एकमेकांच्या अगदी शेजारी बसावे लागतात. म्हणून आयजीजी स्रवणाऱ्या पेशींच्या चकत्या सहसा दिसत नाहीत. त्या दिसाव्यात यासाठी पूरक प्रथिनांपूर्वी आयजीजीविरोधी प्रतिपिंड असलेला रक्तरस टाकतात. तो आधीच्या रेणूंना चिकटून पूरक प्रथिनांना पुरेसे आधारस्थान निर्माण करतो. अशा चकत्यांना अप्रत्यक्ष चकत्या म्हणतात. ही सुधारणा १९६५ च्या सुमारास झाली. तिच्यामुळे एकाच प्राण्यात आधी आयजीएम आणि नंतर आयजीजी स्रवणाऱ्या पेशी कशा वाढत जातात, हे दिवसागणिक पाहता येऊ लागले.

इतर सुधारणा

१९६८ मध्ये कनिंगहॅम आणि झेनबर्ग यांनी अगारऐवजी काचपट्ट्यांमधील अरुंद पोकळीत पेशींचा एकपदरी थर भरण्याची रीत प्रचारात आणली. तीत चकत्या अधिक ठळक दिसतात आणि साहित्यही कमी लागते. तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर इतर रसायने वा प्रथिने चिकटवून त्या पदार्थांविरुद्धची प्रतिपिंडेही शोधता येऊ लागली. १९७० च्या दशकात तांबड्या पेशींना ‘प्रोटीन ए’ जोडून, प्रतिपिंड कोणत्याही प्रतिजनाविरुद्ध असो, ते स्रवणाऱ्या सर्वच पेशी मोजण्याची रीत निघाली.

या पद्धतीमुळे मिळालेले ज्ञान

येर्ने-नॉर्डिन पद्धतीने रोगप्रतिकारशास्त्रातील काही मूलभूत प्रश्न संख्येच्या भाषेत मांडता आले. मेलबर्नमधील जॅक मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी १९६८ मध्ये या पद्धतीच्या साहाय्याने दाखविले, की प्रतिपिंडे स्रवणाऱ्या पेशींचा उगम अस्थिमज्जेतून आलेल्या पेशींत असतो. थायमस ग्रंथीतून आलेल्या पेशी स्वतः प्रतिपिंड बनवीत नाहीत, परंतु त्यांच्या साहाय्यावाचून निर्मिती नीट होत नाही. बी पेशी आणि टी पेशी यांच्यातील श्रमविभागणीची आजची कल्पना या प्रयोगांतून स्पष्ट झाली.

दुसरे उदाहरण एकरूप, म्हणजेच मोनोक्लोनल, प्रतिपिंडांचे आहे. जॉर्जेस कोलर आणि सेसार मिल्स्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे प्रतिपिंडस्रावी पेशी व कर्कपेशी यांच्या मीलनाने अमर्याद वाढणाऱ्या संकरित पेशी निर्माण केल्या. त्यांनी प्रतिजन म्हणून मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी निवडल्या होत्या. त्यामुळे हव्या त्या प्रतिपिंडाचा स्राव करणाऱ्या संकरित पेशी चकत्यांवरून ओळखता आल्या. आज अनेक कर्करोगांवर व सांधेदुखीच्या काही प्रकारांवर वापरली जाणारी प्रतिपिंड-औषधे या शोधाच्या वाटेने आलेली आहेत. कोलर, मिल्स्टीन आणि येर्ने या तिघांना १९८४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. येर्ने यांचा गौरव मात्र चकती पद्धतीपेक्षा प्रामुख्याने त्यांच्या सैद्धांतिक कार्यासाठी झाला.

एलिस्पॉट पद्धत

चकती पद्धतीला तांबड्या रक्तपेशी आणि ताजी पूरक प्रथिने लागतात. तसेच प्रत्येक प्रतिजन तांबड्या पेशींवर नीट बसतोच असे नाही. या अडचणींवरील उपाय एलायझा चाचणीतून मिळाला. १९७१ मध्ये स्वीडनमधील एवा एंगव्हाल आणि पेटर पर्लमान यांनी मांडलेल्या या चाचणीत प्रतिपिंडाला विकर जोडलेले असते, आणि विकराच्या क्रियेने निर्माण झालेल्या रंगावरून मोजमाप होते. एलायझात रंग द्रवात विरघळतो, म्हणून एकूण प्रमाण कळते. रंग न विरघळता जागच्या जागी साचला, तर तो कोठून आला हेही कळेल, या विचारातून १९८३ मध्ये दोन गटांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे नवी पद्धत प्रसिद्ध केली. पहिला गट स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील सेसिल चेरकिन्स्की व सहकारी यांचा होता आणि दुसरा ऑस्ट्रेलियातील जोनाथन सेजविक व पॅट्रिक होल्ट यांचा. चेरकिन्स्की यांच्या गटाने दिलेले ‘एलिस्पॉट’ हे नाव पुढे रूढ झाले.

आज ही चाचणी सहसा ९६ कप्प्यांच्या पट्टीत करतात. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी सच्छिद्र पटल असते. या पटलावर हव्या त्या प्रतिजनाचा लेप देतात आणि उरलेल्या मोकळ्या जागा निरुपद्रवी प्रथिनाने झाकतात. नंतर ठरावीक संख्येने जिवंत पेशी कप्प्यात सोडून पट्टी ३७ अंश तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये काही तास किंवा रात्रभर ठेवतात. या काळात पट्टी हलविता कामा नये, कारण पेशी जागेवरून सरकल्यास खूण पुसट किंवा लांबट होते. पेशीने सोडलेले प्रतिपिंड तिच्या लगतच्या प्रतिजनालाच चिकटते. पेशी धुऊन टाकल्यावरही ते तेथे टिकून राहते. त्यावर विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड टाकून शेवटी रंगद्रव्य बनविणारा पदार्थ घातला, की पेशी जेथे बसली होती तेथे रंगीत ठिपका उमटतो. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वापरल्यास ठिपका सहसा निळा-जांभळा येतो.

येथे मोजणी होते ती पेशींच्या पाऊलखुणांची. मोजताना पेशी कप्प्यात उरलेलीही नसते. दुसरे प्रतिपिंड आयजीजी, आयजीए वा आयजीएम यांपैकी कोणत्या वर्गाविरुद्धचे घ्यायचे हे ठरविता येते, म्हणून प्रत्येक वर्गाच्या पेशी वेगळ्या मोजता येतात. विकराऐवजी निरनिराळ्या रंगांची प्रतिदीप्त द्रव्ये वापरून एकाच कप्प्यात दोन-तीन वर्ग मोजण्याच्या सुधारित रूपाला फ्लुओरोस्पॉट म्हणतात.

ठिपक्यांची मोजणी व गणित

ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी किंवा स्वयंचलित वाचकयंत्राने मोजतात. खरा ठिपका मध्यभागी गडद आणि कडेकडे फिकट होत जाणारा असतो. धूळ, धागा किंवा रंगाचा कण यांच्या कडा मात्र तीक्ष्ण असतात.

मोजणीचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, प्रत्येक कप्प्यात २,००,००० पेशी घातल्या आणि प्रतिजनाचा लेप असलेल्या तीन कप्प्यांत ४१, ३७ व ४२ ठिपके आले. त्यांची सरासरी ४० होते. असंबद्ध प्रथिनाचा लेप दिलेल्या तुलना-कप्प्यांची सरासरी २ आली, तर खरे ठिपके ३८ धरावे लागतील. म्हणजे दहा लाख पेशींमागे १९० विशिष्ट प्रतिपिंडस्रावी पेशी आहेत. दुसऱ्या काही कप्प्यांत प्रतिजनाऐवजी आयजीजीला पकडणाऱ्या प्रतिपिंडाचा लेप देतात, त्यामुळे आयजीजी स्रवणारी प्रत्येक पेशी ठिपका उमटविते. तेथे २०,००० पेशींत ७६ ठिपके आले, तर हे प्रमाण दहा लाखांत ३,८०० ठरते. यावरून आयजीजी स्रवणाऱ्या पेशींपैकी ५ टक्के पेशी त्या विशिष्ट प्रतिजनाविरुद्ध काम करीत आहेत, असा निष्कर्ष निघतो.

निष्कर्ष विश्वासार्ह आहे काय, हे तपासण्याच्या दोन रीती आहेत. कप्प्यातील पेशी निम्म्या केल्यास ठिपकेही जवळपास निम्मे व्हावयास हवेत. तसेच प्रथिननिर्मिती रोखणारे सायक्लोहेक्झिमाइडसारखे रसायन घातल्यास ठिपके नाहीसे किंवा अगदी कमी झाले पाहिजेत. तसे न झाल्यास दिसणारे प्रतिपिंड नव्याने बनलेले नसून पेशींना आधीपासून चिकटून आलेले असावे, अशी शंका घ्यावी लागते.

स्मृतिपेशींची मोजणी

स्मृती बी पेशी विश्रांतीच्या अवस्थेत प्रतिपिंड स्रवत नाहीत, म्हणून एलिस्पॉटमध्ये त्या थेट दिसत नाहीत. त्यांना काही दिवस उत्तेजक पदार्थांसह संवर्धनात वाढवून स्रावी अवस्थेत आणतात आणि मग चाचणी करतात. या रीतीने देवीची लस घेतलेल्या व्यक्तींच्या रक्तात ५० वर्षांनंतरही त्या विषाणूविरुद्धच्या स्मृतिपेशी असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखविले.

प्रवाह पेशीमापन

प्रवाह पेशीमापनात, म्हणजे फ्लो सायटोमेट्रीत, प्रतिदीप्त खुणा लावलेल्या पेशी लेसर किरणासमोरून एकेक करून नेतात. प्लाझ्मा पेशींवरील सीडी३८ व सीडी१३८ यांसारखी प्रथिने, तसेच प्रतिदीप्त प्रतिजन यांच्या साहाय्याने या पेशी ओळखल्या जातात. अत्यंत वेग आणि हव्या त्या पेशी जिवंत वेगळ्या काढण्याची सोय हे या तंत्राचे मोठे गुण होत. तथापि येथे पेशीची ओळख तिच्या लक्षणांवरून होते, स्रावावरून होत नाही. प्रतिजनाला चिकटणारी प्रत्येक बी पेशी प्रतिपिंड स्रवत असतेच असे नाही. उलट स्राव करणाऱ्या अनेक परिपक्व प्लाझ्मा पेशींच्या पृष्ठभागावर प्रतिपिंड फारच थोडे असते. म्हणून ही पद्धत एलिस्पॉटच्या जोडीने वापरली जाते.

उपयोग

लसींचा अभ्यास: धनुर्वात किंवा इन्फ्लुएन्झा यांसारख्या रोगांची पुनर्लस दिल्यावर सुमारे सातव्या दिवशी प्रतिपिंडस्रावी पेशींची लाट रक्तातून जाते आणि थोड्याच दिवसांत ओसरते. तोंडावाटे दिलेल्या लसीनंतर आयजीए स्रवणाऱ्या पेशी आतड्याकडे जाताना रक्तातून प्रवास करतात. तेवढ्या अवधीत रक्त तपासल्यास आतड्यातील प्रतिकाराचा अंदाज बांधता येतो.

दीर्घकालीन प्रतिकार: कोव्हिड-१९ होऊन गेलेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे काही महिन्यांत घटत असल्याचे दिसल्यावर, मिळालेला प्रतिकार टिकणार की नाही अशी चिंता व्यक्त झाली होती. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा व्यक्तींच्या अस्थिमज्जेचे नमुने एलिस्पॉटने तपासले. संसर्गानंतर सुमारे सात महिन्यांनी १९ पैकी १५ जणांच्या मज्जेत विषाणूच्या काटेरी प्रथिनाविरुद्ध आयजीजी स्रवणाऱ्या पेशी आढळल्या. संसर्ग न झालेल्या ११ जणांत त्या आढळल्या नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासामुळे रक्तातील पातळी उतरली तरी निर्मिती थांबलेली नसते, हे स्पष्ट झाले.

रसायनांची सुरक्षितता: एखादे औषध किंवा कीटकनाशक रोगप्रतिकारशक्ती दुर्बळ करते काय, हे तपासण्यासाठी ते दिलेल्या प्राण्यांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचून चकत्या मोजतात. प्रतिपिंडनिर्मितीसाठी अनेक प्रकारच्या पेशींचे सहकार्य आवश्यक असल्याने त्यांपैकी कोठेही बिघाड झाला, तर चकत्यांची संख्या घटते.

इतर पेशी: पटलावर प्रतिजनाऐवजी एखाद्या संदेशवाहक प्रथिनाला पकडणारे प्रतिपिंड लेपल्यास टी पेशींचीही मोजणी होते. क्षयरोगाच्या संसर्गासाठी वापरली जाणारी एक रक्तचाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

मर्यादा

या पद्धतींना जिवंत आणि कार्यक्षम पेशी लागतात. प्रतिपिंडस्रावी पेशी नाजूक असतात. नमुना घेण्यात, वाहून नेण्यात किंवा गोठविण्यात हयगय झाल्यास त्या मरतात आणि मोजणी प्रत्यक्षापेक्षा कमी येते. पटलावर लेपलेल्या प्रतिजनाचा आकार बिघडलेला असेल, तर योग्य प्रतिपिंडही त्याला चिकटत नाही. पेशी फार दाट घातल्यास ठिपके एकमेकांत मिसळतात. ठिपक्याच्या आकारावरून स्रावाचा स्थूल अंदाज येत असला, तरी प्रतिपिंड रोगजंतूला निष्प्रभ करू शकते काय, हे ठिपका सांगत नाही. त्यासाठी निराळ्या चाचण्या कराव्या लागतात.

सर्वांत मोठी मर्यादा नमुन्याची आहे. शितावरून भाताची परीक्षा येथे नेहमी करता येत नाही. दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी प्रामुख्याने अस्थिमज्जेत वास्तव्य करतात, तर रक्तात त्या केवळ प्रवासापुरत्या आढळतात. त्यामुळे रक्ताच्या नमुन्यात ठिपके दिसले नाहीत, एवढ्यावरून शरीरात प्रतिपिंडनिर्मिती होत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. मज्जेचा नमुना घेण्यासाठी हाडात सुई घालावी लागत असल्याने तो वारंवार घेता येत नाही. म्हणून मानवी अभ्यासांत रक्तातील पेशींची मोजणी, मज्जेतील मोजकी निरीक्षणे आणि रक्तरसातील प्रतिपिंडांचे प्रमाण या तिन्हींचा एकत्रित विचार केला जातो.